टॉर्चची लाइन ४० पैशाच्या स्प्रिंगपायी बंद पडू द्यायची नसंल तं

मागच्या वर्षी जागलीच्या सीझनात, म्हणजे ज्या टायमाला गावोगावचे लोक रात्री शेतात रानडुकरं हाकलायला बसतात अन् टॉर्चचा खप वर चढतो नेमक्या त्या टायमाला, आमची लाइन अडीच दिवस बंद होती. सेल होते, एलईडी होते, आयसी होते, बॉडी होती, खोकी तं एवढी होती का जिन्याखाली लावून ठेवली होती. नव्हती ती फक्त सेलच्या बुडाशी बसते ती स्प्रिंग. ४० पैशाची. लाइनवरच्या २२ बाया पहिल्या दिवशी साफसफाई करत बसल्या, दुसऱ्या दिवशी अर्ध्यांना घरी पाठवलं, अन् मालक, आम्ही त्यांना काकाजी म्हणतो, माझ्या टेबलपाशी येऊन एवढंच बोलले, "एवढे लाखाचे सेल आणून ठेवले बे, अन् स्प्रिंग नाही आणता आली तुले?"

उत्तर काय देणार. टॅलीत (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) ७ हजार स्प्रिंग दिसत होत्या ना.

तं हे जे खाली लिहून राहिलो ते त्या अडीच दिवसानंतर आम्ही काय काय बदललं त्याचं आहे. आमचा कारखाना छोटा आहे, नागपूर-हैद्राबाद हायवेपासून थोडं आत एका तालुक्याच्या एमआयडीसीत. रिचार्जेबल टॉर्च, इमर्जन्सी बल्ब अन् पेनड्राइव्हवाला छोटा ब्लूटूथ स्पीकर बनवतो. (स्पीकर आमच्या इंजिनियरनं भजन-गाण्यासाठी म्हणून डिझाइन केला होता, लोक त्यात माणसाच्या ओरडण्याचा आवाज भरून रात्रभर धुऱ्यावर लावून ठेवतात, रोही अन् डुकरं भितात म्हणून. दोन वर्षं आम्हाला पत्ताच नव्हता का एवढा खपतो काहून.) मोठ्या कंपन्यांकडे यासाठी वेगळं डिपार्टमेंट अन् महागडं सॉफ्टवेअर असतं, आमच्याकडे मी, स्टोअरवाली ताई, एक एक्सेल अन् एक वजनकाटा. तेवढ्यात होतं.

आधी रॅकवरचा आकडा खरा करा, बाकी सगळं मागून

लोक पहिले फोरकास्ट अन् सॉफ्टवेअरकडे पळतात. मी म्हणतो थांबा जरा, आज स्टोअरमध्ये जा, कोणतेही २० पार्ट निवडा, हातानं मोजा अन् कॉम्प्युटरच्या आकड्याशी ताडून पाहा. आमचे २० पैकी ९ जुळले. नऊ! मग त्या आकड्यांवर ऑर्डर काढायची म्हणजे आंधळ्यानं गाडी चालवणं झालं.

चूक कुठं होत होती ते शोधायला दोन आठवडे गेले. एक म्हणजे लाइनवर पार्ट खराब निघाला का बाई उठून स्टोअरमधून मूठभर दुसरे घेऊन जायची, चिठ्ठी नाही काही नाही, तिचीही चूक नाही, काम थांबू नये म्हणूनच जायची ना. दुसरं, बीओएम (एका मालात कोणते पार्ट किती लागतात ती यादी) जुनं होतं, इंजिनियरनं बोर्डवर एक रेझिस्टर बदलला ते व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलं अन् एक्सेलमध्ये कोणीच चढवलं नाही, त्यामुळे एक पार्ट कागदावर कमी होत राहिला अन् दुसरा प्रत्यक्षात. अन् तिसरी चूक स्प्रिंगवाली, ती नीट सांगतो कारण ही बहुतेक छोट्या कारखान्यात असते.

स्प्रिंग, स्क्रू, पिना हे कोणी मोजत नाही, वजनावर मोजतात. आमचा काटा १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, किराण्याच्या दुकानात असतो तसा. आमच्या पोरानं १० स्प्रिंग ठेवल्या, काटा बोलला ३ ग्रॅम, म्हणजे एक स्प्रिंग ०.३ ग्रॅम. खरं वजन होतं ०.३४. आता १ किलोची थैली आली तं त्याच्या हिशोबानं ३,३३३ नग, अन् खरे २,९४१. प्रत्येक किलोमागं जवळपास ४०० स्प्रिंग हवेतल्या! तीन-चार थैल्या झाल्या का संपला विषय. उपाय फुकटचा आहे, १० नाही तं १०० नग हातानं मोजून काट्यावर ठेवा, ३४ ग्रॅम दिसतील अन् नगाचं वजन बरोबर निघंल. थैलीचं वजन वजा करायला विसरू नका. अन् प्रत्येक नवीन लॉटला परत करा, पार्टी (माल देणारा) तार बदलते अन् सांगत नाही.

चिठ्ठीचं आम्ही असं केलं का लाइनच्या शेवटी लाल डबा ठेवला, खराब पार्ट डब्यात टाकला का तेवढेच नग बदली मिळतात, चिठ्ठी-बिठ्ठी लिहायची गरज नाही, संध्याकाळी ताई डबा मोजून एंट्री करते. बायांना लिहायला लावलं असतं तं चार दिवस चाललं असतं. अन् रोज सकाळी लाइन सुरू व्हायच्या आधी फक्त ५ पार्ट मोजायचे, रोज वेगळे, महाग पार्टची पाळी महिन्यातून दोनदा, स्वस्ताची तीन महिन्यातून एकदा. वर्षाच्या शेवटी ३१ मार्चला अख्खा कारखाना बंद करून मोजण्यापेक्षा हे लय बरं, कारण मार्चमध्ये सापडलेली चूक कधी झाली ते कोणालाच आठवत नाही.

९८ टक्के म्हणजे चांगलं वाटतं ना, पण हिशोब करून पाहा

काकाजींना पटत नव्हतं का एवढ्या बारीक गोष्टींच्या मागं काहून लागायचं. मग मी त्यांना हा हिशोब दाखवला. स्पीकरमध्ये स्क्रू-स्टिकर धरून ६० पार्ट आहेत. समजा प्रत्येक पार्ट १०० पैकी ९८ वेळा रॅकवर असतो. ऐकायला फर्स्ट क्लास. पण स्पीकर बनायला ६० च्या ६० एकाच टायमाला पाहिजेत, म्हणजे ०.९८ ला स्वतःशीच ६० वेळा गुणा, उत्तर येतं ०.३० च्या आसपास. १०० दिवसांपैकी फक्त ३० दिवस पूर्ण सेट हातात, बाकी दिवस काहीतरी कमी. तेच प्रत्येक पार्ट ९९.५ टक्के केला तं ७४ वर जातं. काकाजी कॅल्क्युलेटरवर स्वतः गुणत बसले, आठ-दहा वेळा गुणून कंटाळले अन् म्हणले, "ठीक हाय बाप्पा, कर तुले काय करायचं ते."

म्हणून तुमचा खरा आकडा कोणता बघायचा तं "स्टॉक किती लाखाचा" हा नाही. "उद्याच्या प्लॅनचा सेट आज संध्याकाळी पूर्ण आहे का" हा. आम्ही दुपारी ४ वाजता उद्याचा सेट रॅकवरून काढून ट्रॉलीवर लावतो. कमी असलं तं ४ वाजता कळतं, सकाळी ९ ला नाही, अन् ४ वाजता कळलं तं दुसरं मॉडेल चढवता येतं.

लीड टाइम पार्टीला विचारू नका, स्वतः मोजा

लीड टाइम म्हणजे ऑर्डर ठरल्यापासून माल रॅकवर चढंपर्यंतचे दिवस. स्प्रिंगवाल्या पार्टीला विचारलं का तो म्हणतो १० दिवस. पाच वर्षांपासून तेच म्हणते. मी मागचे सहा पीओ (खरेदीच्या ऑर्डरी) काढले अन् माल रॅकवर चढला त्या तारखा लावल्या : ९, १२, ११, २४, १०, १९. सरासरी १४ च्या वर. अन् खरा मार सरासरीनं नाही बसत, त्या २४ नं बसतो.

मग त्या २४ ची चिरफाड केली. पार्टीनं माल बनवायला घेतले ९ दिवस. ट्रान्सपोर्टनं ६. नागपुरात ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला आमच्या बाजूची गाडी भरंपर्यंत माल पडून राहिला ३ दिवस. आमच्या गेटवर आल्यावर तपासणीला २ दिवस, कारण क्वालिटीवाला पोरगा लग्नाला गेला होता. झाले २०. अन् उरलेले ४? ते पीओ काकाजींच्या टेबलवर सहीसाठी पडला होता ते. म्हणजे मी पार्टीच्या नावानं बोंबलून राहिलो अन् २४ मधले ६ दिवस आमच्याच कंपाउंडच्या आत गेले होते!

तुम्ही हे नक्की करा. एक्सेलमध्ये प्रत्येक पीओसमोर पाच तारखा : पीओ काढायचं ठरलं, पार्टीला गेला, पार्टीकडून निघाला, गेटवर आला, तपासून रॅकवर चढला. दोन महिन्यात दिसायला लागतं कुठं सडतंय ते. आमच्याकडे त्यानंतर ५ हजारांच्या खालच्या पीओला काकाजींची सहीच लागत नाही, अन् नेहमीच्या पार्टीचा नेहमीचा माल १०० टक्के तपासायच्या ऐवजी सॅम्पल काढून त्याच दिवशी आत घेतो. पार्टीशी एक शब्द न बोलता पाच-सहा दिवस वाचले.

किती साठा ठेवायचा, स्वस्ताचा वेगळा अन् महागाचा वेगळा

स्वस्त पार्टला डोकं लावू नका. टॉर्च रोज ४०० बनते, जोरात ५००. सगळ्यात वाईट दिवस धरा, २४ दिवस गुणिले ५००, झाल्या १२ हजार स्प्रिंग. साठा १२ हजारावर आला का ऑर्डर टाकायची. १२ हजार स्प्रिंगचे ४० पैशानं ४,८०० रुपये. अडीच दिवस लाइन बंद ठेवण्यापुढं हे पैसे म्हणजे चहापाणी. अन् हे कॉम्प्युटरवर पाहावंही लागू नये म्हणून दोन थैल्यांची पद्धत लावली, १२ हजारांची थैली टेपनं बंद, तिच्यावर एक पुठ्ठ्याचं कार्ड चिकटवलेलं, उघडी थैली संपली अन् टेप फाडायची वेळ आली का ताई ते कार्ड माझ्या टेबलवर आणून ठेवते. कार्ड टेबलवर म्हणजे पीओ आजच. स्क्रू, स्प्रिंग, वायर, स्टिकर, सगळे असेच चालतात. चिप रेझिस्टरचं एक रीलच ५ हजाराचं येतं, त्याला तं दोन रील, एक लावलेलं अन् एक रॅकवर, बस.

सेलचं तसं नाही चालत. १८६५० चा सेल (टॉर्चमधला रिचार्जेबल लिथियम सेल) समजा ९० रुपयाचा धरला तं वाईटात वाईट दिवसाच्या हिशोबानं साठा करायचा म्हणजे काकाजींची शेती विकावी लागंल. तिथं जरा गणित करावं लागतं, घाबरू नका, एक्सेल करते. टॉर्च रोज सरासरी ४००, त्यात वरखाली फरक ६० चा (एक्सेलमध्ये एसटीडीईव्ही नावाचं फंक्शन हा फरक काढून देते). सेलचा लीड टाइम सरासरी २५ दिवस, त्यात फरक ४ दिवसांचा. दिवस सगळे कामाचे धरा.

लीड टाइम एकदम पक्का असता, कधीच मागंपुढं झाला नसता, तं जास्तीचा साठा किती लागला असता? २५ चं वर्गमूळ ५, गुणिले ६०, गुणिले १.६५, उत्तर ४९५. (१.६५ म्हणजे १०० वेळा ऑर्डर टाकली तं ९५ वेळा कमी पडणार नाही एवढी खात्री.) फक्त ५०० सेल! पण लीड टाइम हलतो, मग हिशोब असा : ६० चा वर्ग गुणिले २५ झाले ९० हजार, त्यात ४०० चा वर्ग गुणिले ४ चा वर्ग म्हणजे २५ लाख ६० हजार मिळवा, बेरजेचं वर्गमूळ १,६२८, गुणिले १.६५, आले २,६८६. म्हणजे खप वरखाली होतो म्हणून ५०० लागतात अन् पार्टी तारीख पाळत नाही म्हणून एकदम २,७०० वर जातं!

हे मला कळलं तेव्हा खरंच एक झटका बसला, कारण तोपर्यंत मी सगळा जोर सेलवाल्याकडून भाव दोन रुपये कमी करून घ्यायला लावत होतो. आता मी भाव नाही करत, तारीख पक्की करून घेतो. फरक ४ दिवसांवरून २ वर आला तं तोच हिशोब १,४१० वर येतो, म्हणजे पावणेतेराशे सेल कमी, ९० नं १ लाख १५ हजाराच्या आसपास पैसा मोकळा. अन् तारीख पक्की करायला काय केलं, तं तीन महिन्यांचा अंदाज आधी देऊन ठेवतो, पहिला महिना पक्का, पुढचे दोन वरखाली होऊ शकतात असं स्पष्ट सांगून, अन् तारखेला माल आला का पैसे ठरल्या दिवशी. दुसरं काही केलं नाही.

डिलरच्या ऑर्डरवर जाऊ नका, त्याच्या फळीवर जा

आपल्याकडचा खप पेरणी-कापणीच्या मागं चालतो. सोयाबीनचा पैसा दसऱ्या-दिवाळीच्या आसपास हातात येतो, कापसाचा त्यानंतर हळूहळू वेचे होतात तसा, टॉर्च खरीप उभं असताना जागलीला अन् परत हरभरा-तुरीच्या टायमाला. इमर्जन्सी बल्ब उन्हाळ्यात अन् पहिल्या वादळात, जेव्हा विजेची लाइन जाते ती दोन दिवस येत नाही. हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण डिलरच्या ऑर्डर पाहिल्या तं यातलं काहीच दिसत नाही, त्या महिन्याच्या शेवटी येतात, कारण आमचाच सेल्सवाला महिन्याच्या शेवटी स्कीम देतो. स्वतःच खड्डा खणायचा अन् स्वतःच पडायचं.

त्या स्प्रिंगवाल्या अडीच दिवसांत अजून एक गंमत झाली. माल तुटला अशी बातमी फिरली, अन् ज्या डिलरची ऑर्डर १० पेटीची त्यानं २० ची टाकली, का निम्मा तरी भेटंल. आठ-दहा डिलरनं तसंच केलं. मी ते पाहून सेल अन् एलईडी दुप्पट मागवले, सेलवाल्यानं त्याच्या मागं अजून कोणाला दुप्पट सांगितलं असंल. माल सुरळीत झाला तशा निम्म्या ऑर्डर कॅन्सल. दुकानात टॉर्च विकत घेणारा माणूस तेवढाच होता, एकही जास्त नव्हता, फक्त मागं मागं येतायेता आकडा फुगत गेला. मॅनेजमेंटवाले याला बुलव्हिप म्हणतात, आसूड म्हणा पाहिजे तं, हातातलं टोक जरासं हललं तरी दुसरं टोक बैलाच्या अंगावर.

आता दर शनिवारी सगळ्यात जास्त खपवणाऱ्या १२ डिलरकडून आम्ही फळीचा फोटो मागवतो व्हॉट्सअ‍ॅपवर, अन् हप्त्यात किती विकले तो आकडा. सुरुवातीला कोणी पाठवत नव्हतं. मग सांगितलं, फोटो पाठवणाऱ्याला माल कमी असला तरी आधी. लगेच यायला लागले. प्लॅन त्या विक्रीच्या आकड्यावर करतो, ऑर्डर फक्त गाडी भरायला पाहतो. सेल्सवाल्याची स्कीमही महिन्याच्या शेवटाऐवजी चारही हप्त्यांत वाटून टाकली, भांडला थोडा.

मे महिना अन् टिनाचं गोडाऊन

पुण्या-मुंबईच्या माणसानं लिहिलेल्या गाइडमध्ये हे नसतं म्हणून मुद्दाम. इकडे मे महिन्यात बाहेर ४५-४६ अन् टिनाखाली त्याहून जास्त. सेल अन् इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर दोघांनाही उष्णतेचं वावडं आहे. कपॅसिटरचा तं मोठा नियमच आहे, चालू असताना तापमान १० डिग्रीनं कमी केलं का आयुष्य दुप्पट, म्हणून आम्ही ८५ डिग्रीवाला बंद करून १०५ वालाच घेतो, पैशाचा फरक किरकोळ आहे अन् रिटर्न कमी. सेल अर्धवट चार्ज असलेलेच ठेवायचे, पूर्ण भरून नाही, अन् टिनाखाली तं नाहीच. आमच्याकडे पक्क्या स्लॅबची एकच खोली होती, त्यात जुनी बिलं होती. बिलं टिनाखाली गेली, सेल खोलीत आले.

सोल्डर पेस्ट (बोर्डावर पार्ट जोडायची) फ्रिजमध्ये ठेवावी लागते, साधारण २ ते १० डिग्रीत, अन् बाहेर काढली का तीन-चार तास डबी न उघडता तशीच ठेवायची, नाहीतर थंड पेस्टवर दव धरते अन् बोर्डावर फुटाणे उडतात. लाइन जाते तिथं फ्रिज इन्व्हर्टरवर घ्या. अन् एकावेळी सहा महिन्यांची पेस्ट स्वस्तात भेटते म्हणून घेऊ नका, तिची एक्स्पायरीच तेवढी असते.

कूलर! हे आम्हाला लय उशिरा कळलं. लाइनवर बायांना गरम होते म्हणून डेझर्ट कूलर लावले, बरोबरच आहे, पण त्याची ओली हवा थेट एलईडीच्या उघड्या रीलवर. एलईडी ओलावा पितात, अन् सोल्डरच्या ओव्हनमधून जाताना आतल्या पाण्याची वाफ होऊन फुटतात किंवा नंतर महिन्याभरात मरतात. पाकिटावर एमएसएल (पार्ट ओलावा किती सोसतो ती पातळी) लिहिलेलं असतं ते वाचा, ३ असलं तं पाकीट फोडल्यापासून १६८ तास, तेही ३० डिग्री अन् ६० टक्के आर्द्रतेच्या आतच. आपल्या ऑगस्टमध्ये ते कुठं आलं, म्हणून आम्ही निम्मेच तास धरतो, रीलवर मार्करनं फोडल्याची तारीख-वेळ लिहितो अन् उरलेलं रील सिलिका जेल घालून परत सील करतो. उलट मे महिन्यात जिथं कूलर नाही तिथं हवा एवढी कोरडी का नायलॉनची साडी घासली तरी ठिणगी, आयसी त्यात जातात, मनगटाचा पट्टा अन् अर्थिंग तेव्हा जास्त सांभाळा. म्हणजे कूलर ठेवा पण तोंड भिंतीकडं, अन् रील दुसऱ्या कोपऱ्यात.

रॅकवर जुना लॉट पुढं, नवीन मागं, हे सांगायची गरज नाही. एलईडीत मात्र दोन लॉट एकाच बल्बमध्ये मिसळू नका, बिन (रंग-उजेडाची वर्गवारी) वेगळा असला तं एक पिवळट एक निळसर दिसते, डिलर लगेच म्हणतो डुप्लिकेट माल आहे.

गाडी अन् बिल्टी

समृद्धी आता पूर्ण झाली, ७०१ किलोमीटर, जून २०२५ पासून नागपूर ते मुंबईकडची बाजू सलग. मुंबईहून माल लवकर येईल असं वाटलं होतं. रस्त्यावरचा टाइम वाचला खरा, पण पार्ट लोडचा (पूर्ण गाडी न भरणारा) माल गोडाऊनलाच पडून राहतो, गाडी कितीही जोरात पळाली तरी निघालीच नाही तं काय कामाची. जिथं गाडी भरंपर्यंत थांबवत नाहीत असा ट्रान्सपोर्टर चार पैसे जास्त देऊन पाहा. परराज्यातून येणाऱ्या ५० हजाराच्या वरच्या मालाला अन् महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वरच्या मालाला ई-वे बिल (जीएसटीतला मालवाहतुकीचा कागद) लागते अन् ते दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशोबानं चालते, माल गोडाऊनला अडकला का बिलाची मुदत सरते, अन् ती वाढवायची तं संपायच्या ८ तास आधीपासून संपल्यावर ८ तासांपर्यंतच. बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) नंबर घेऊन रोज संध्याकाळी एक फोन.

नागपूरच्या आसपासच्या पार्ट्यांचं आम्ही दूधवाल्यासारखं केलं. खोकी हिंगण्याहून, प्लास्टिक बॉडी बुटीबोरीहून, लेबल शहरातून, पहिले तिघंही आपापली गाडी पाठवायचे अन् भाडं बिलात टाकायचे. आता मंगळवारी अन् शुक्रवारी आमचाच छोटा हत्ती सकाळी निघतो, तयार माल नागपूरच्या डिलरकडे उतरवतो अन् येताना तिघांकडून उचलतो. खोक्यांचा साठा महिन्याभराचा होता तो चार दिवसांवर आला, जिना मोकळा झाला.

सेल विमानानं मागवायचा विचार करू नका. नुसते लिथियम सेल प्रवासी विमानातून न्यायला २०१६ पासून बंदी आहे, मालवाहू विमानात जातात पण ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज चालत नाही अन् कागदं एवढी लागतात का ट्रक बरा.

दुसरी पार्टी तयार ठेवायची ती गरज नसताना

२०२१ मध्ये चिपचा तुटवडा होता तेव्हा काही मायक्रोकंट्रोलरचा लीड टाइम ५२ आठवडे झाला होता. स्पीकर तेव्हा आम्ही चार महिने बनवलाच नाही. त्यानंतर एक वही केली, ज्या पार्टला एकच कंपनी अन् एकच पार्टी आहे त्यांची. ६० पैकी ११ निघाले. सगळ्यांना पर्याय शोधायला गेलो तं आयुष्य जाईल, म्हणून लाइन थांबवणारे अन् लांबून येणारे असे चार आधी घेतले. इंजिनियरकडून पर्यायी पार्ट पास करून घ्यायचा, ५० नग बनवून महिनाभर चालवायचे अन् बीओएममध्ये दुसऱ्या नंबरला लिहून ठेवायचं. तुटवडा आल्यावर शोधला तं घाईत डुप्लिकेट आयसी गळ्यात पडतात, आमच्याही पडले होते, वरचं छापील नाव नखानं निघत होतं.

सेलची दुसरी पार्टी घेताना भाव पाहायच्या आधी बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी पाहा, आयएस १६०४६ ची, अन् नंबर बीआयएसच्या साइटवर टाकून कोणत्या कारखान्याच्या पत्त्यावर आहे ते मिळवा. पार्टीनं पाठवलेला सर्टिफिकेटचा फोटो धरू नका.

पैशाचं थोडक्यात. छोट्या कारखान्याकडून माल घेतला तं करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, लेखी करार नसला तं १५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असा २००६ चा एमएसएमई कायदा आहे, अन् आता उशीर केला तं इन्कम टॅक्समध्ये तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी धरतात. सीए सांगतो म्हणून द्याच, पण त्याहून मोठं कारण हे का तुटवड्याच्या टायमाला पार्टी पहिला माल कोणाला देते? जो फोन न करता पैसे पाठवतो त्याला. आमचा खोकीवाला दिवाळीच्या गर्दीतही आमची गाडी थांबवत नाही ते उगाच नाही.

सोमवारची २० मिनिटं

सकाळी ८:४० ला, उभ्या उभ्या, ट्रॉलीपाशी. मी, ताई, लाइनची सुपरवायझर, सेल्सवाला, काकाजी असले तं. तीनच प्रश्न : मागच्या हप्त्यात कोणत्या डिलरला ठरल्या दिवशी ठरलेला पूर्ण माल गेला नाही अन् कशामुळे, या हप्त्यात कोणता पार्ट कमी पडणार, अन् रॅकवर काय आहे जे तीन महिन्यांत कोणी हात लावला नाही. तिसरा प्रश्न विसरू नका, आमच्याकडे बंद झालेल्या मॉडेलच्या बॉड्या दोन वर्षं धूळ खात होत्या, विकून नवीन रॅक आले.

अन् एक तारीख आताच कॅलेंडरवर लाल करून ठेवा. चिनी नवीन वर्ष २०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला आहे, तिकडचे कारखाने त्याच्या आगेमागे दोन-तीन हप्ते बंद असतात अन् कामगार परत येऊन काम रुळायला अजून वेळ जातो. तुम्ही थेट मागवत नसाल, मुंबई-दिल्लीच्या ट्रेडरकडून घेत असाल, तरी त्याचा माल तिकडूनच येतो. म्हणजे फेब्रुवारी-मार्चचे सेल अन् आयसी डिसेंबरातच निघायला पाहिजेत, अन् त्यासाठी ऑर्डर नोव्हेंबरात. दिवाळीच्या आधी हातात पैसा नसतो, डिलरची वसुली दिवाळीलाच होते, म्हणून आमचं असं ठरलंय का ८ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, अन् ९ ला सोमवार आहे, बाकी सगळे फराळ करत असले तरी ८:४० ला मी अन् ताई येऊन सेलचा पीओ काढणार. काकाजींची सही मी आधीच घेऊन ठेवतो आहे.